पासष्ट म्हणजे किती गं आई?

मुलुंड_पूर्व

परवा रविवारी लेकीला पहिल्यांदाच एकटीला खाली भाजीवाल्या मावशींकडे पाठवलं. तिसरीत आहे, इंग्रजी माध्यम. हातात शंभराची नोट दिली (ती शोधायलाच दहा मिनिटं गेली, मी स्वतः मावशींना मोबाइलवरूनच पैसे देते) आणि मी वर गॅलरीत उभी राहिले. टोमॅटो घेतले, मिरच्या घेतल्या, कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघितली, अगदी माझ्यासारखी. मग मावशी काहीतरी म्हणाल्या आणि ही नुसती उभी. शेवटी मान वर करून ओरडली, "आई, पासष्ट म्हणजे किती गं? फिफ्टी-सिक्स का?"

अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. मावशी हसल्या, नोट घेतली, पस्तीस परत दिले.

खरी गंमत पुढे. घरी म्हटलं, चल, मावशींनी बरोबर परत दिलेत का बघू. हिने वही काढली, वर १००, खाली ६५, रेघ मारली आणि कुठेही न अडखळता उत्तर लिहिलं: १६५. कसं आलं गं? "झिरो आणि फाइव्ह, फाइव्ह. झिरो आणि सिक्स, सिक्स. वन तसाच खाली." म्हणजे शंभर रुपये दिले, भाजी घेतली आणि वर एकशे पासष्ट परत मिळाले. असा भाजीवाला कुणाला माहीत असेल तर पत्ता कळवा, मी पिशवी घेऊन आत्ता निघते.

हसून घेतलं, पण रात्री तिच्या वह्या काढून बसले. पानोपानी बरोबरच्या खुणा, चांदण्या, एक स्मायली. नीट बघितलं तर उदाहरणं कसली? ४८६ वजा १५२. ७९५ वजा ३४३. सगळी बिनहातच्याची. हातच्याची मोजून सहा, ती फळ्यावरून उतरवलेली. रिझल्टला गणितात 'ए टू'. ओपन हाऊसला टीचर तीन मिनिटं भेटल्या, "शी इज गुड, जस्ट मोअर प्रॅक्टिस." कसली प्रॅक्टिस? १६५ ची?

त्यात घरात वेगळंच महाभारत. सासूबाई शिकवायला बसतात तेव्हा त्या हातचा घेतात आणि खालच्या आकड्याला देतात. शाळेत वरचा आकडा खोडून एकाने कमी करतात. लेक रडकुंडीला येऊन सांगते, "आज्जी राँग शिकवते." आज्जीचं उत्तर मात्र दर वेळी बरोबर.

तुमच्याकडे काय चाललंय? आमचीच शाळा अशी की सगळीकडे हेच? शाळा बदला हा सल्ला कृपया नको. प्रवेशासाठी काय काय केलं ते आमचं आम्हाला माहीत.

भायखळा_स्लो

सेम पिंच. आमचे चिरंजीव चौथीत. वॉचमनकाकांनी इंटरकॉमवर कुरियरवाल्याचा नंबर सांगितला, "अठ्ठ्याण्णव, एकोणसत्तर..." चिरंजीवांनी फोन बाजूला धरून मला विचारलं, "बाबा, काका कोणत्या भाषेत बोलतायत?"

घरी आम्ही मराठीच बोलतो हो. पण आकडा आला की आपसूक इंग्रजी. "फोर्टी-फाइव्हची लोकल पकडतो" असं मीच म्हणतो. त्याला कुठून कळणार पंचेचाळीस?

तिरकस

निदान एकदम सोपं आहे. पाढे पाठ करून घ्या. आम्हाला तिसरीत वीसपर्यंत, चौथीत तीसपर्यंत तोंडपाठ होते. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा. चुकलं तर पाठीत धपाटा. कुठलं ते वर्कशीट, कुठली ती अॅक्टिव्हिटी, पेपर प्लेटचा पिझ्झा कापून आणा म्हणे. अपूर्णांक आईच कापते, मुलगा फक्त चिकटवतो.

अबोली७

तिरकस, पिझ्झ्याबद्दल सहमत. रात्री साडेदहाला पेपर प्लेटा शोधत फिरलेली मी एक माता आहे.

पण पाढे पाठ असून ही १६५ ची चूक कशी टळणार? इथे गुणाकार कुठे आहे?

खडूधूळ

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज राहवलं नाही. मी प्राथमिक शिक्षिका, पूर्व उपनगरात, बावीस वर्षं झाली. मराठी माध्यमात.

मुलुंडताई, ते १६५ बघून मला कौतुक वाटलं, खरंच. कारण ही चूक निष्काळजीपणाची नाही. दर वर्षी माझ्या वर्गात पाच-सात मुलं नेमकी हीच चूक करतात. त्यांनी स्वतःचा एक नियम बनवलेला असतो: आकडा वर असो की खाली, मोठ्यातून लहान काढायचं. बिनहातच्याची पन्नास उदाहरणं करताना तो नियम पन्नास वेळा बरोबर ठरतो. तुम्ही पन्नास चांदण्या देता, तो आणखी पक्का होतो. मग पहिलं हातच्याचं उदाहरण येतं आणि आपण म्हणतो, काल तर येत होतं!

तिला शंभर ही एक वस्तू दिसत नाहीये. तिला एक आणि दोन भोपळे दिसतायत. तीन वेगवेगळ्या वजाबाक्या, शेजारी शेजारी.

असं करून बघा. वही बंद. खऱ्या नोटा घ्या, शंभराची एक, दहाच्या दहा, आणि रुपयाची दहा नाणी. तिच्या हातात फक्त शंभराची द्या आणि म्हणा, मला पासष्ट दे. देताच येणार नाही. ती म्हणेल, सुटे नाहीत. झालं, हाच धडा आहे! मग तिने बँकेत (म्हणजे तुमच्याकडे) जाऊन शंभराच्या बदल्यात दहाच्या दहा नोटा आणायच्या. तरी पाच सुटे नाहीतच. मग त्यातल्या एका दहाचे सुटे. आता तिच्यासमोर दहाच्या नऊ आणि रुपयाची दहा. यातून पासष्ट दे. उरले किती? हे चार-पाच दिवस झालं की मग वहीत १०० वर ती खोडाखोड करायची, आणि प्रत्येक खोडताना विचारायचं, आत्ता कुठली नोट मोडलीस? आम्ही वर्गात म्हणतोच ना, दशक सुटा करू. शब्द बाजारातलाच आहे.

वर्गात हे का होत नाही, तर माझ्या वर्गात यंदा सत्तेचाळीस मुलं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे. खऱ्या नोटा मी सत्तेचाळीस संच कुठून आणू, काड्यांचे गठ्ठे करते. त्यात मध्येच मतदारयाद्या, मध्येच सर्वेक्षण, मध्येच कुठलंतरी ऑनलाइन भरणं. सबब सांगत नाहीये. जे आहे ते सांगतेय.

भायखळा_स्लो

"आत्ता कुठली नोट मोडलीस?" हे आजच वापरणार. धन्यवाद बाई.

आकडेमोड्या

शिक्षकांना दोष देण्याआधी थोडे आकडे. 'प्रथम' ही शिक्षणात काम करणारी संस्था दर एक-दोन वर्षांनी 'असर' हा पाहणी अहवाल काढते. २०२४ च्या अहवालात देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त ३३.७ टक्क्यांना हातच्याची दोन अंकी वजाबाकी येत होती. म्हणजे तिघांतल्या दोघांना नाही. ही टक्केवारी २०१८ मध्ये २८.२ आणि कोविडनंतर २०२२ मध्ये २५.९ होती, त्यामानाने बरी म्हणायची. मुलुंड_पूर्व, तुमची लेक एकटी नाही.

खडूधूळ

आकडे बरोबर, पण 'असर'ची पाहणी ग्रामीण भागातली असते. मुंबईला तशीच्या तशी लावू नका. (गंमत म्हणजे 'प्रथम'ची सुरुवात मात्र नव्वदच्या दशकात मुंबईच्याच वस्त्यांमधून झाली.) तरी वर्गात बघते त्यावरून सांगते, शहर आहे म्हणून फार वेगळं चित्र असेल असं समजू नका.

गिरगावातली_आजी

नमस्कार. नातवाने हे खातं काढून दिलं आहे, टायपिंग सावकाश होतं, सांभाळून घ्या. वय ७८.

तिरकस यांनी परवच्याचा विषय काढला म्हणून. आम्ही चाळीच्या गॅलरीत ओळीने बसून पाढे म्हणत असू. नुसते बे एके बे नव्हे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा. आता लोक फार अभिमानाने सांगतात की आमच्या वडिलांना औटकी येत असे. पण ती का येत असे ते कुणी सांगत नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. सगळा हिशेब पाव, अर्धा, पाऊण यातच अडकलेला. साडेतीन आणे शेर असलेली वस्तू सात शेर घेतली तर साडेचोवीस आणे, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. दुकानात उभ्या उभ्या हे सांगता यायला हवं, तर औटकीला पर्याय नव्हता. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, शंभर पैशांचा रुपया झाला आणि औटकीचं काम संपलं. आमच्या मास्तरांनी तरी आणखी दोन वर्षं म्हणून घेतली. सवय.

म्हणून माझं असं मत की पाठांतर वाईट नाही, पण ते कशासाठी ते मुलाला कळलेलं असावं. सात नवे त्रेसष्ट पाठ हवंच, कारण ते रोज लागतं.

आता मुलुंडच्या सूनबाईंच्या सासूबाईंबद्दल. त्या चूक शिकवत नाहीत हो. आमची सगळ्यांची रीत तीच. १०० वजा ६५: शून्यातून पाच जात नाहीत, हातचा घेतला, दहातून पाच गेले पाच. हातचा खालच्या सहाला दिला, झाले सात. शून्यातून सात जात नाहीत, हातचा घेतला, दहातून सात गेले तीन. हातचा एक खाली, एकातून एक गेला, शून्य. पस्तीस.

मी हे सत्तर वर्षांपूर्वी शिकले आणि पन्नास वर्षं न समजता केलं. हातचा वर घेतला तर तो खाली का द्यायचा? मास्तरांना विचारायची सोय नव्हती. साठीला आल्यावर नातवाला शिकवताना एकदम उजेड पडला. दोन बहिणी शेजारी उभ्या आहेत, एक उंच, एक बुटकी. दोघींच्या पायाखाली एकेक पाट ठेवला. दोघी उंच झाल्या, पण दोघींमधला फरक तेवढाच राहिला. वरच्या संख्येला दहा सुटे दिले, खालच्या संख्येला एक दशक दिला. दोघींना एकेक पाट. इतकं साधं होतं. रात्री अकरा वाजता मी एकटीच हसत बसले होते.

मुलुंड_पूर्व

आजी!! तुमची पोस्ट सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "अगंबाई, असं होय ते." म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं. साठ वर्षं वजाबाकी बरोबर येत होती, का येते ते आज कळलं.

आणि मी इंजिनीअर आहे. मलाही माहीत नव्हतं. हे फक्त तुम्हाला सांगतेय.

तिरकस

पाट आवडला, मान्य. पण एवढं समजावत बसलं तर मास्तरांचा पोर्शन कधी संपणार?

खडूधूळ

बाकी काही नाही तरी दुखणं अचूक पकडलंत. पोर्शन.

धारवाडची_सून

मला त्या 'पासष्ट की फिफ्टी-सिक्स' वर बोलायचंय, कारण मुद्दा वजाबाकीच्याही आधीचा आहे.

पासष्ट म्हणताना आपण पाच आधी म्हणतो, साठ नंतर. लिहिताना सहा आधी, पाच नंतर. एकवीस ते नव्व्याण्णव सगळं असंच उलटं, आणि त्यात एकोणतीस, एकोणचाळीस हे आणखी वेगळे, पुढच्या दशकाचं नाव घेऊन मागे एक पाऊल. सासर कन्नड आहे. कन्नडमध्ये इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक, इप्पत्तोंदु म्हणजे एकवीस. वीस आधी, एक नंतर, जसं लिहायचं तसंच. माझ्या मुलाला कन्नड आकडे आठवड्यात आले. मराठी अजून चाचपडतोय, आणि मराठी त्याची मातृभाषा आहे!

२०१९ चा तो गदारोळ आठवतोय का? बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीस, बावीस याबरोबर 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्या सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे लहान मुलं अडखळतात, म्हणून ही सोय आहे. ऐकतंय कोण. मराठीचा खून वगैरे झाला.

भायखळा_स्लो

विधानसभेत फडणवीसांचं 'फडण दोन शून्य' पण तेव्हाच झालं ना? आणि मुख्यमंत्र्यांनी उत्तरात बालभारतीतलंच 'कमळ बघ, गवत आण' असं काहीतरी म्हणून दाखवलं होतं.

मुलुंड_पूर्व

हो, आणि मी ते विनोद तीन ग्रुपवर फॉरवर्ड केले होते. लेक तेव्हा जेमतेम रांगत असेल. परवा गॅलरीत उभी असताना तेच आठवलं. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या, नाहीतर माफीचं पत्र लिहिलं असतं.

तिरकस

म्हणजे आता आम्ही पासष्टला 'साठ पाच' म्हणायचं? भाजीवाल्या मावशी काय म्हणतील?

धारवाडची_सून

पासष्ट हा शब्द जाऊ नये असं मलाही वाटतं. पण मावशींनी 'साठ आणि पाच' म्हटलं असतं तर पोरगी गॅलरीकडे बघत राहिली नसती, एवढं खरं. शिकताना काठी घेऊन चालावं, पाय भक्कम झाले की काठी कोपऱ्यात. पुस्तकात पासष्ट होताच की, खोडला कुठे होता?

बाय द वे, जर्मनही आपल्यासारखेच उलटे, पाच-आणि-साठ म्हणतात. त्यांचं चाललंय, आपलंही चालेल. फक्त हे अवघड आहे एवढं तरी मान्य करा. मुलाला 'इतकं साधं कळत नाही' म्हणू नका. साधं नाहीये ते.

खडूधूळ

एक भर. माझ्याकडे दुसरीत 'पंचवीस लिहा' म्हटलं की दहा-बारा जण ५२ लिहितात. इंग्रजी माध्यमातल्या मुलाचं दुखणं दुहेरी. शाळेत ट्वेंटी-फाइव्ह, घरी-बाजारात पंचवीस, आणि या दोन गोष्टी एकच आहेत हे त्याला कुणी मुद्दाम सांगत नाही. आई-बाबा समजून चालतात की शाळा सांगेल. शाळेला वाटतं, घरी कळत असेल. रोज गाडीत, लिफ्टमध्ये, बसच्या नंबरावर दोन्ही भाषांत म्हणून घ्या. फुकट आहे.

कीबोर्डवाला

बाजाराचा विषय निघालाच आहे तर. २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला होता, अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि इतरांचा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले तर ही मुलं एका वेळी दोन-तीन वस्तूंचा हिशेब तोंडी, बिनचूक. तीच मुलं कागदावरच्या शाळेसारख्या उदाहरणांत गळपटली. आणि बाजारात काम न करणारी, शाळेतली मुलं बरोबर उलट. कागदावर जमायचं, पण बाजारासारखा हिशेब दिला की अडकायची.

म्हणजे दोन गणितं आहेत आणि मध्ये पूल नाही. मुलुंड_पूर्व, तुमच्या मावशींचा मुलगा बहुधा १०० वजा ६५ झोपेत सांगेल आणि त्याच्या शाळेत नापासाच्या यादीत असेल.

मुलुंड_पूर्व

कीबोर्डवाला, अगदी. त्यांचा मुलगा पाचवीत आहे, संध्याकाळी तोच गल्ल्यावर बसतो. काल मुद्दाम बोलले. मावशी म्हणाल्या, "हिशोबाला पक्का आहे, पण बाई म्हणतात गणितात कच्चा."

अॅबॅकसवाली_मम्मा

तुम्ही सगळे एवढं डोकं का लावताय? मण्यांच्या त्या अॅबॅकसला घाला. माझी मुलगी पहिलीत आहे आणि चार अंकी बेरीज सेकंदात. महिन्याला अडीच हजार फक्त.

अबोली७

आम्ही दोन वर्षं घातलं होतं. हवेत बोटं नाचवून उत्तर यायचं, पाहुण्यांसमोर फार छान दिसायचं. मग एक दिवस विचारलं, अर्धी पोळी मोठी की एक तृतीयांश? म्हणाला, एक तृतीयांश, कारण तीन दोनापेक्षा मोठे. वेग आला, समज वेगळी राहिली. क्लास वाईट होता असं नाही म्हणत. मी ज्या कामाला घातलं होतं ते त्याचं कामच नव्हतं.

तिरकस

अडीच हजार फक्त! आमच्या परवच्याला रॉकेल तेवढं लागायचं.

गिरगावातली_आजी

गिरगावात तेव्हा वीज होती हो तिरकस.

निनावी_आई

पहिल्यांदाच लिहितेय. हे सगळं वाचून आवंढा आला.

माझा मुलगा सातवीत. पाचवीपर्यंत सगळ्यांनी आळशी म्हटलं, आम्हीसुद्धा. नोटा, काड्या, पाट, सगळं केलं. आज यायचं, उद्या पाटी कोरी. घड्याळ कळायचं नाही. ४७ मोठे की ७४, दर वेळी विचार करावा लागायचा. वाचन मात्र उत्तम, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. शेवटी कुणीतरी सायनच्या पालिका रुग्णालयातल्या लर्निंग डिसॅबिलिटी क्लिनिकचं सुचवलं. खेटे बरेच घालावे लागले, तपासण्या झाल्या आणि कळलं की डिसकॅल्क्युलिया आहे, म्हणजे आकडेच उमजायला अडचण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता येते. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ, कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळू शकतात.

प्रमाणपत्र हातात आलं त्या दिवशी तो म्हणाला, "म्हणजे मी ढ नाहीये ना?" पाच वर्षं त्याने हे पोटात ठेवलं होतं.

सगळ्या मुलांना हे असतं असं नाही. बहुतेकांना नसतंच. पण घरी चार-सहा महिने मनापासून करूनही पाटी पुसल्यासारखी कोरी राहत असेल तर धपाटा घालण्याआधी एकदा दाखवून या.

तिरकस

ताई, धपाट्याचं मीच लिहिलं होतं. मागे घेतो.

अबोली७

❤️

मुलुंड_पूर्व

तीन आठवड्यांनी धागा वर आणतेय. निनावी_आई, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचायला दिली. काही न बोलता लेकीच्या खोलीत जाऊन तिच्याशी खेळत बसला.

वृत्तांत. खडूधूळबाईंच्या सांगण्यावरून वही बंद. पहिले दोन दिवस नोटा मोडणं झालं. मग सासूबाईंनी माळ्यावरून व्यापारचा जुना डाव काढला, पत्ते पिवळे पडलेले, नोटा मऊ झालेल्या. अट एकच, सगळे आकडे मराठीत. लेक बँक झाली. पहिल्या दिवशी बँकेला 'एकोणनव्वद' वर घाम फुटला. दहा दिवसांनी तिने आज्जीला पकडलं. आज्जीने भाड्याचे पैसे देताना पन्नास कमी दिले होते. सासूबाई म्हणतात परीक्षा घेत होते. आमचा कुणाचाच विश्वास नाही.

बसमध्येही चालू असतं. बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं तेव्हा मी चिडले होते, आता लेक त्यावरून उदाहरणं घालते. आपण तिघं साध्या बसने गेलो तर तीस, एसीने बारा त्रिक छत्तीस, मग सहा रुपयांत काय येतं? (काही येत नाही.)

शाळेत वेळ मागून टीचरना भेटले. भांडायला गेले होते, खोटं कशाला बोलू. १६५ ची वही दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, वर्कशीट वरून छापून येतात, त्या ठरवत नाहीत. शुक्रवारपर्यंत पान अमुक झालंच पाहिजे असा तक्ता असतो. वर्गात बावन्न मुलं. "मला माहीत असतं मॅम, कोणाला कळलं नाहीये. पण मंडेला गुणाकार सुरू करायचा असतो." दोन तुकड्यांच्या पोरांना मधल्या सुट्टीत घेऊन बसायची त्यांनी परवानगी मागितली होती, ती मिळाली नाही, कारण मधल्या सुट्टीत वर्ग बंद ठेवायचा नियम आहे. माझा राग कुठे ठेवावा कळेना. त्यांच्यावर तर नाहीच उरला.

आता कालची गोष्ट. युनिट टेस्टचा पेपर घरी आला. ४०३ वजा १६७. लेकीने केलंय पाटवाल्या रीतीने, हातचे खाली देऊन. उत्तर २३६, बिनचूक. तरी लाल गोल आणि शेजारी 'मेथड?' दोनातला एक मार्क कापलेला.

खडूधूळ

उत्तर बरोबर आहे. रीतही बरोबर आहे. मार्क कापायला नको होता. माझा नियम असा की मुलाने मला 'का' सांगितलं तर कुठलीही रीत चालेल. पेपर घेऊन जा, पण लेकीला बरोबर न्या. पाटाची गोष्ट तिनेच टीचरना सांगू दे.

तिरकस

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी आणि बाई एका बाजूला. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

भायखळा_स्लो

काढला. मार्काचं लेकीला वाईट वाटलं का?

मुलुंड_पूर्व

मार्काचं काही नाही. ती विचारतेय, आज्जीला शाळेत असताना या रीतीला किती मार्क मिळायचे?

गिरगावातली_आजी

तिला सांगा, पूर्ण मिळायचे. आणि वरचा आकडा खोडला असता तर छडी.